पाणी उतरतं तेव्हा

मे महिन्याची सुट्टी लागली की वडोदऱ्याच्या आमच्या घरात एकच प्रश्न घुमायला लागतो, "मामाआजोबांकडे कधी जायचं?" त्यामागचा खरा प्रश्न वेगळा असतो, हे मला ठाऊक आहे. होडीत कधी बसायचं, हा तो प्रश्न.

माझा मामा मासेमारी करतो. त्याचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. भीमा नदीवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. आज त्याचं पाणी पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. तुम्ही पुण्याहून सोलापूरकडे रेल्वेने गेला असाल, तर भिगवणच्या आसपास खिडकीतून हे पाणी नक्की पाहिलं असेल. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत त्यात रोहित पक्ष्यांचे थवे उभे असतात, म्हणजे ज्यांना आपण फ्लेमिंगो म्हणतो ते.

तुमच्यापैकी कुणी भोपाळच्या मोठ्या तलावाजवळ राहत असेल, कुणी हैदराबादला, कुणी नागपूरला. गाव कुठलंही असो, उन्हाळ्याच्या शेवटी तलावाकाठी जाणं आणि मुलांनी होडीसाठी हट्ट धरणं हे सगळीकडे सारखंच. म्हणून आज तुम्हाला माझ्या मामाच्या पाण्याबद्दल सांगायचं आहे, आणि मामावर मी वर्षभर धरलेल्या एका रागाबद्दलही.

मासे वर का येतात?

उन्हाळा सरत आला की मामा पहाटे साडेचारला उठतो. आदल्या संध्याकाळी लावलेली जाळी उजाडायच्या आत उचलायची असतात. ऊन चढलं की जाळ्यात अडकलेला मासा टिकत नाही, खराब होतो. शिवाय सकाळचा वारा शांत असतो.

एका पहाटे माझी लेक त्याच्याबरोबर होडीत होती. काठाजवळच्या उथळ पाण्यात शेकडो मासे तोंड वर काढून उघडझाप करत होते. तिने विचारलं, "आजोबा, मासे पाणी पितायत का?"

मामा म्हणाला, "दम लागलाय त्यांना."

ते अगदी खरं आहे. मासे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात आणि पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. पाणी ३० अंशांवर गेलं की तोच आकडा साडेसातच्या आसपास येतो. दिवसा पाण्यातलं शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करतं. रात्री ते काम थांबतं, पण मासे, शेवाळ आणि तळाचा गाळ सगळेच प्राणवायू वापरत राहतात. म्हणून सूर्य उगवायच्या आधीची वेळ माशांसाठी सगळ्यात कठीण असते. त्या वेळी ते वर येतात, कारण हवेला चिकटलेल्या वरच्या थरात थोडा तरी प्राणवायू असतो. दुपारी हेच मासे उन्हाच्या तडाख्यातून वाचायला खोल पाण्यात जातात. गळ घेऊन भर दुपारी बसणाऱ्याला काही लागत नाही, त्याचं हे एक मोठं कारण.

उतरत्या पाण्यात मासा गोळा होतो. जी जागा पावसाळ्यानंतर मैलोन्‌मैल पसरलेली असते, ती आता आखडलेली असते. त्यामुळे जाळं भरून येतं. त्यात सगळ्यात जास्त असते ती चिलापी. ही मूळची आफ्रिकेतली मासळी आता उजनीत पुरती रुळली आहे. तिची एक गंमत माझ्या मुलांना फार आवडते. चिलापीची मादी अंडी आपल्या तोंडात ठेवून उबवते. पिल्लं बाहेर पडल्यावरही काही दिवस धोका दिसला की तोंड उघडते आणि सगळ्यांना आत घेते. ती साठलेल्या पाण्यात, वर्षातून अनेकदा वीण घालते, म्हणून ती भरपूर.

कटला, रोहू आणि मृगळ यांचं तसं नाही. त्यांना वीण घालायला पावसाळ्यातलं वाहतं, गढूळ, पुराचं पाणी लागतं. साठलेल्या पाण्यात त्यांची अंडी पोटात तयार होतात, पण ती घातली जात नाहीत. म्हणून तलावांमध्ये आणि धरणांमध्ये त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, बाहेरून आणून सोडावी लागतात. पूर्वी हे बीज पुराच्या वेळी नद्यांतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी कटकच्या संशोधन केंद्रात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांना पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन वीण घडवून आणली, आणि चित्र बदललं. आपल्या ताटातला रोहू बंगालपासून महाराष्ट्रापर्यंत सहज मिळतो, त्यामागे तो दिवस आहे. आजही १० जुलै हा देशभर मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

मामाला ही तारीख माहीत नाही. पण मे संपत आला की तो बारीक आसांचं जाळं उचलून माळ्यावर टाकतो. छोटा मासा आला तर परत सोडतो. पोट फुगलेली, गाबोळी भरलेली मासळी दिसली की चुकचुकतो. "आता गोळा झालाय म्हणून सगळा ओढला, तर पुढल्या साली जाळ्यात काय दगडं घ्यायची?" असं त्याचं म्हणणं.

मायनस म्हणजे रिकामं नव्हे

आता जरा पाण्याकडे बघू.

उन्हाळ्यात आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो, "धरण मायनसमध्ये गेलं." बाहेरच्या माणसाला वाटतं, धरण आटलं. तसं नसतं. उजनीची एकूण साठवण साधारण ११७ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. या ११७ पैकी जवळजवळ ६३ टीएमसी हा मृतसाठा आहे आणि त्याच्या वरचं साधारण ५३ टीएमसी पाणी हा उपयुक्त साठा. टक्केवारी मोजतात ती या उपयुक्त साठ्याची. तो संपला की आकडा शून्याखाली जातो. म्हणजे धरण उणे ५० टक्क्यांवर आलं, तरी त्यात ३६ टीएमसीच्या वर पाणी शिल्लक असतं. हे थोडं पाणी नाही. जुन्या भीमेच्या पात्रात ते चांगलं खोल असतं.

काठावरून मात्र ते तसं दिसत नाही. काठावरून दिसतो तो भेगाळलेला गाळ. बुडालेली गावं वर येतात, घरांचे चौथरे, विहिरींचे कठडे, वाळलेल्या बाभळी. पळसदेवचं जुनं हेमाडपंती देऊळ पाण्यातून बाहेर पडतं आणि लोक ते बघायला येतात. आजी होती तेव्हा ती बोट दाखवून सांगायची, "तिथं आमचा उकिरडा होता, तिथं पार होता." पाणी गेलं की तिला माहेर दिसायचं.

हे सगळं दिसायला लागलं की माणसाची भीती चेपते. वाटतं, एवढंसं तर पाणी राहिलंय. आणि नेमकं तेव्हाच ते जास्त फसवं असतं. मामा मुलांना दरवर्षी काठावर उभं करून एकेक गोष्ट दाखवतो.

पहिली गोष्ट गाळाची. वरून सुकलेला, कडक दिसणारा गाळ आत लोण्यासारखा मऊ असतो. पाण्याच्या कडेला पाय टाकला की माणूस गुडघ्यापर्यंत रुततो, आणि जितकी धडपड करावी तितका खाली जातो. गुरंही अशी अडकतात.

दुसरी गोष्ट पाण्याखाली दडलेल्या वस्तूंची. जे चौथरे पूर्ण उघडे पडले ते दिसतात. पण जे वीतभर पाण्याखाली आहेत, त्यांवर होडी आपटते. झाडाच्या बुंध्यात मोटरचा पंखा अडकतो, तुटक्या जाळ्यात गुंडाळला जातो.

तिसरी गोष्ट विजेच्या तारांची. पाणी मागे सरकतं तसतसे शेतकरी आपले पंप पुढे पुढे नेतात. पाइप आणि केबल गाळातून, पाण्यातून टाकलेल्या असतात. कुठलीही केबल हाताने उचलायची नाही, तिच्याजवळ पोहायचं नाही, हा नियम आमच्याकडे देवाच्या आरतीइतका पाठ आहे.

चौथी गोष्ट वाऱ्याची. तिच्यासाठीच हा लेख लिहायला बसले.

तो हळदीचा दिवस

२०२३ चा मे. माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं, पलीकडच्या काठावर, करमाळा तालुक्यात. रस्त्याने जायचं तर धरणाला वळसा घालून दोन तास तरी लागणार. पाण्यातून लाँचने अर्धा तास. दोन्ही काठांवरची माणसं वर्षानुवर्षं अशीच जा-ये करतात. शाळेला, बाजाराला, दवाखान्याला, सोयरिकीला. यात कुणाला काही वेगळं वाटत नाही.

संध्याकाळी हळद होती. साडेचारला आम्ही धक्क्यावर पोचलो. धक्का म्हणजे नुसता उतार, गाळावर टाकलेल्या चार फळ्या. लाँचमध्ये दहा-बारा माणसं बसली होती, एक मोटारसायकलही चढवली होती. नावाड्याच्या शेजारी खिळ्याला दोन लाइफ जॅकेट लटकत होते, उन्हाने रंग उडालेले. मी नवी साडी सावरत चढले. लेक चढली. नवऱ्याने धाकट्याला उचलून माझ्याकडे दिलं.

तेवढ्यात मामा आला. कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून, चप्पलही न घालता. त्याने आभाळाकडे बघितलं, मग लाँचकडे बघितलं, आणि पाण्यात उतरून धाकट्याला माझ्या मांडीवरून उचललं.

"ही न्हाई जायची."

मला आधी कळलंच नाही. मग मी चिडले. म्हटलं, "मामा, अरे सगळे चाललेत. मावशी वाट बघतेय. अर्ध्या तासाचं तर पाणी आहे."

"दुपारपासून पान हललं न्हाई," तो म्हणाला. "तिकडं बघ."

मी बघितलं. लांब एक ढग होता, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, वर वर चढत गेलेला. डोक्यावर ऊनच होतं. लाँचमधली माणसं आमच्याकडे बघत होती. कुणीतरी हसलं. मी लाल चेहऱ्याने खाली उतरले. साडीच्या निऱ्या गाळात भरल्या.

लाँच गेली. सव्वापाचला मोबाइल वाजला. त्याच लाँचने गेलेली माझी एक चुलतमामी विचारत होती, "आम्ही पोचलो पण. तुम्ही का उतरलात?"

सहाच्या सुमाराला वारा सुटला. पत्रे वाजले, धूळ उडाली, चार थेंब पडले, दहा मिनिटांत सगळं शांत. बस, एवढंच झालं. आमची हळद चुकली. दुसऱ्या दिवशी गाडीने वळसा घालून लग्नाला गेलो, तर मावशी माझ्याशी धड बोलली नाही. मी मामाला टोचून म्हटलं, "काही झालं नाही ना शेवटी?"

तो म्हणाला, "न्हाई झालं. बरं झालं."

मला ते उत्तर पटलं नाही. वर्षभर पटलं नाही. वडोदऱ्याला परत आल्यावर मैत्रिणींना मी हा किस्सा विनोद म्हणून सांगायचे, "आमचा मामा! मासेमारी करतो आणि पाण्याला भितो."

दोन बातम्या

मग १८ जानेवारी २०२४ आली.

वडोदऱ्यातल्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. तो तलाव काही समुद्र नाही. शहरातच आहे, आजूबाजूला इमारती आहेत. मीही एका शाळेत शिकवते. मुलं मोजत बसमध्ये चढवायची आणि मोजत उतरवायची, हे माझं नेहमीचं काम. त्या रात्री मी झोपले नाही. राहून राहून डोळ्यांसमोर ते खिळ्याला लटकलेले दोन जॅकेट येत होते, आणि लाँचमध्ये बसलेली मी.

चार महिन्यांनी, २१ मे २०२४ च्या संध्याकाळी, दुसरी बातमी आली. उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण बुडाले. त्यांत दोन लहानगी होती. त्या वर्षी धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं.

आमचं सामान बांधून तयार होतं, दोन दिवसांनी निघणार होतो. मी मामाला फोन लावत राहिले. तो उचलेना. सकाळी त्याचाच फोन आला. रात्रभर काठावर होता, बाकीच्या गावकऱ्यांसारखाच. मला रडू फुटलं. तो काहीच बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, "कुणी हौसेनं गेलं नव्हतं, पोरी. घरी निघाली होती माणसं."

हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचं आहे. त्या होडीतल्या माणसांनी काही अचाट केलं नव्हतं. मी वर्षापूर्वी जे करणार होते, तेच त्यांनी केलं. शेकडो लोक रोज करतात, तेच. आमची लाँच पोचली आणि त्यांची होडी पोचली नाही, एवढाच काय तो फरक. मी इतके दिवस लाँच पोचली याचा अर्थ मामा चुकला, असा लावत होते. पण ज्या दिवशी काळजी घेतली आणि काहीच झालं नाही, त्या दिवशी ती काळजी नेहमी फुकटच गेल्यासारखी वाटते. हळद चुकलेली दिसते, मावशीचा रुसवा दिसतो. टळलेलं दिसत नाही. म्हणून तर घरातल्या "आज नको" म्हणणाऱ्या माणसाला आपण भित्रा ठरवून मोकळे होतो.

वारा येतो कसा?

त्या सुट्टीत मामा आणि मी बऱ्याच वेळा काठावर बसलो. या वेळी मी ऐकत होते.

वळवाचा पाऊस बहुतेक वेळा दुपारनंतर येतो. दिवसभर जमीन तापते, गरम हवा वर चढते, ढग उंच वाढतो. मग त्यातून थंड हवा पावसाबरोबर खाली कोसळते आणि जमिनीला लागून चारी दिशांना पसरते. ही हवा पावसाच्या पुढे धावते. म्हणजे तुमच्या डोक्यावर ऊन असतानाच वारा पोचलेला असतो. उघड्या पाण्यावर त्याला अडवायला झाड नाही, घर नाही. उथळ पाण्यात लाटाही वेगळ्या उठतात, आखूड आणि उभ्या, एकीमागून एक. माणसांनी भरलेल्या होडीची कड पाण्यापासून वीतभरच वर असते. एक लाट आत येते, माणसं घाबरून एका बाजूला सरकतात, आणि होडी कलंडते.

मामाच्या खुणा साध्या आहेत. दुपारी अचानक वारा पडून उकाडा वाढणं. कोबीसारखा फुगत जाणारा ढग, मग तो कुठल्याही दिशेला असो. पक्षी घाईने काठाकडे येणं. अंगाला अचानक गार झुळूक लागणं. आणि शेवटची खूण, लांब पाण्यावर काळी रेघ दिसणं. ती रेघ म्हणजे वारा, तुमच्याकडे निघालेला. "वारा सांगून येतो," मामा म्हणतो, "आपुन लगीनघाईत असतो."

त्याच्या खुणांना मी माझ्या मोबाइलची जोड दिली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेलं 'दामिनी' नावाचं मोफत ॲप आहे. तुम्ही जिथे असाल तिथून जवळपास वीज पडत असेल, तर ते सूचना देतं. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा अंदाजही मिळतो. पाण्यावर जायच्या आधी दोन्ही बघायला मिनिटही लागत नाही.

आणि मोबाइल नसेल तर बोटं आहेतच. वीज चमकली की मोजायला लागा. आवाज एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद घेतो. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे पाण्यातून बाहेर, गळ खाली, झाडाखाली नव्हे तर पक्क्या घरात किंवा बंद गाडीत. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास परत पाण्याकडे जायचं नाही.

आमच्या घरचे नियम

त्या मे महिन्यात मी वडोदऱ्याहून चार केशरी लाइफ जॅकेट नेले. दोन मोठे, दोन मुलांच्या मापाचे. मामा हसला. मामी म्हणाली, "जाळ्याच्या खुंटीला लावा." तिथे ते लागले. तेव्हापासून आमचे काही नियम ठरले आहेत. तुम्ही कुठल्याही तलावावर जाणार असाल, तर यातले उपयोगी पडतील ते घ्या.

होडीत बसायचं ते सकाळी. उन्हाळ्याच्या शेवटी दुपारनंतर पाण्यावर जायचं नाही, पलीकडे लग्न असलं तरी. रस्त्याचा वळसा परवडतो.

जॅकेट काठावरच घालायचं, होडीत ठेवून द्यायचं नाही. पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही. सगळे पट्टे आवळायचे. मग मुलाच्या खांद्यांवरचं जॅकेट धरून वर ओढून बघायचं. कानापर्यंत वर आलं तर ते मोठं आहे, बदलायचं. हवा भरायची रबरी चाकं हे खेळणं आहे, ते जॅकेटच्या जागी चालत नाही.

नावाड्याला चढायच्या आधी विचारायचं, किती माणसं बसतात, सगळ्यांना जॅकेट आहेत का, आणि वारा आला तर जवळचा काठ कुठला. चांगला नावाडी चिडत नाही. चिडला, तर उतरायचं.

होडीत उभं राहून फोटो काढायचा नाही. वारा आला तर एका बाजूला धावायचं नाही, खाली तळाला बसायचं. होडी उलटली आणि तरंगत असली, तर तिलाच धरून राहायचं. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो.

कुणी बुडताना दिसलं, तर पोहता येत असलं तरी मागचा-पुढचा विचार न करता उडी मारायची नाही. बुडणारा माणूस मिठी मारतो आणि दोघं जातात. दोरी टाका, साडी टाका, काठी पुढे करा, झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन फेका. तो सहज माणसाला तरंगवतो. ओरडून माणसं गोळा करा आणि ११२ वर फोन करा.

आणि गळ टाकायची हौस असेल तर पहाट किंवा संध्याकाळची शांत वेळ धरा, वरून विजेच्या तारा जात नाहीत ना ते बघा, आणि लहान मासा परत सोडा. मुलांना पकडण्यापेक्षा सोडतानाच जास्त मजा येते, हा माझा अनुभव आहे.

नियम ऐकायला कंटाळवाणे वाटतात, मला कल्पना आहे. सुट्टीच्या दिवशी कुणाला शिस्त नको असते. पण खुंटीवरचे ते जॅकेट आता शेजारपाजारचेही मागून नेतात. मामी वहीत नाव लिहून देते, परत आणल्यावर खोडते.

२०२५ च्या मे महिन्यात पाऊस फार लवकर आला. २६ मेला मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाला, आणि त्याच्या आधीपासूनच इंदापूर-बारामतीकडे वळवाने झोडपून काढलं होतं. जून उजाडायच्या आत उजनीचं पाणी वाढायला लागलं. आजीने दाखवलेला पार बघता बघता पुन्हा पाण्याखाली गेला. आम्ही चार दिवस गेलो होतो, आणि चारही दिवस ओट्यावर बसून पाऊस बघितला.

तिसऱ्या दिवशी दुपारी जरा उघडलं. मामाने होडीतलं पाणी उपसलं. लेक जॅकेट घालून तयार झाली. मलाही मोह झाला. म्हटलं, एक चक्कर मारून येऊ, मुलांचा हिरमोड होतोय.

तेवढ्यात लांब वीज चमकली. धाकटा पायरीवर बसून मोजायला लागला. सतराला आवाज आला. त्याने जॅकेटचे पट्टे सोडले, आत जाऊन ते खुंटीला लावलं आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "आई, आज नको."

मामाने होडी पुन्हा खुंटाला बांधली. संध्याकाळी काहीच झालं नाही. पाऊससुद्धा आला नाही.

मी मात्र या वेळी चिडले नाही. मामी चिलापी तळत होती, आम्ही गरम भाकरी घेऊन ओट्यावर बसलो.